इंजिनाच्या काचेतून

भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत हातांनी द्यायच्या इशाऱ्यांचा एक छोटासा भाग आहे. झेंडी जवळ नसेल तर कर्मचाऱ्याने काय करायचं, ते त्यात सांगितलेलं आहे. दोन्ही हात डोक्यावर उंच धरले की 'थांब'. एक हात स्थिर धरला की 'पुढे चल'. तोच हात वर-खाली हलवला की 'जपून चल'. रात्री पांढरा दिवा अंगासमोर आडवा, जोरजोरात हलवला तरी 'थांब'च. आता प्लॅटफॉर्मच्या टोकाला किंवा फाटकापाशी गाडीची वाट बघत थांबलेल्या आमच्यासारख्या हौशी मंडळींकडे बघा. पुढच्याच्या डोक्यावरून फ्रेम मिळावी म्हणून एकाने मोबाइल दोन्ही हातांनी उंच धरलाय. हॉर्न मिळावा म्हणून दुसऱ्याचा हात वर-खाली चाललाय. अंधार पडला की तिसरा टॉर्च लावून इकडे-तिकडे फिरवतोय. आपण काय करतोय हे आपल्याला ठाऊक असतं. शंभराच्या वेगाने समोरून येणाऱ्या लोको पायलटला ते ठाऊक असायचं काही कारण नाही.

या पुस्तिकेत रेलफॅन मंडळींसाठी बरेच नियम आहेत. माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: इंजिनाच्या काचेतून आपण कसे दिसतो? पुस्तिका लिहिणारी मुलं माझ्याहून पुष्कळ लहान आहेत. घाटात, यार्डांच्या कडेला, आडबाजूच्या स्टेशनांवर तासन्‌तास घालवून जे तोंडी चालत आलं होतं, ते त्यांनी कागदावर आणलं. पूर्वी कागदाची गरज पडत नसे. कॅमेरे मोजके होते, रोल महाग होता, छत्तीस फोटोंत महिना काढायचा असे. नवा पोरगा दिसला की कोणीतरी जुना-जाणता त्याला बाजूला घ्यायचा आणि 'आपल्यात असं करत नाहीत' एवढं सांगायचा. तेवढ्यावर भागायचं. आता ज्याच्या खिशात फोन तो फोटोग्राफर, आणि त्याला बाजूला घेणारा जुना-जाणता गर्दीत कुठे हरवलाय कोण जाणे.

काचेपलीकडच्या माणसाचा विचार आधी करू. लोको पायलट आणि त्याचा सहायक समोर येणाऱ्या प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगत असतात. वेगमर्यादेचे फलक, फाटकाआधीच्या 'सी/फा' (सीटी/फाटक) अशा पाट्या, रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनची टोळी, हे सगळं त्यांच्या नजरेत हवं असतं. अशात रुळाच्या कडेला एक माणूस दिसतो. त्याच्या हातात कॅमेरा आहे हे कळायला जवळ यावं लागतं. त्याच्या आधी मनात येणारा प्रश्न एकच: हा आत येतोय का? अशा माणसाचं पुढे काय झालं हे ज्यांनी काचेतून प्रत्यक्ष पाहिलंय, असे लोको पायलट कमी नाहीत. त्यांना गाडी वळवता येत नाही. हॉर्न द्यायचा आणि ब्रेक लावायचा, एवढंच हातात असतं. आणि भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर अंतर खाऊ शकते. आपल्याला खणखणीत लांब हॉर्न ऐकू येतो, आपण खूश होतो, व्हिडिओला मजा आली म्हणतो. तो हॉर्न बहुतेक वेळा आपल्या नावाने काढलेली शिवी असते.

अंतराचा अंदाज ही इथली सगळ्यात फसवी गोष्ट. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर पुढे येते. म्हणजे दहा सेकंदांत ३०० मीटर, आणि तेवढ्यात आपलं एक्स्पोजरही धड ठरत नाही. त्यात डोळा टेलिलेन्सला लावलेला. लांबचं सगळं जवळ-जवळ चिकटून दिसतं, गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते आणि मग एकदम अंगावर येते. जुनी अल्को डिझेल इंजिनं धूर ओकत, आवाज करत यायची. चढावर तर त्यांची चाहूल दोन वळणं आधी लागायची. हल्लीची विजेची इंजिनं उतारावर जवळपास मुकाट्याने येतात. दुहेरी मार्गावर एका गाडीच्या धडधडाटात दुसरी लपते. समोरच्या मालगाडीच्या आड पाठीमागच्या लाइनवरून एक्स्प्रेस आली, हे कळेपर्यंत ती आलेली असते. शिवाय डबा रुळांपेक्षा रुंद असतो. ब्रॉडगेजचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतरावर, डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना तो रुळाबाहेर पाऊण मीटरहून जास्त आलेला असतो. 'रुळांच्या बाहेरच उभा होतो की' हे म्हणणं किती पोकळ आहे, ते या हिशेबावरून कळावं.

वरच्या तारेचंही तसंच. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागलाच पाहिजे असं नाही, पुरेसं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. उभ्या वाघिणीवर चढून 'वरून अँगल' घेणारे आणि सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड उभा करून पुलावरून खाली सोडणारे, या दोघांना आमच्यात कोणी धाडसी म्हणत नाही. पादचारी पुलांना तारेच्या वर जाळ्या असतात. त्या जाळीच्या भोकातून लेन्स घालायची की नाही, यावर चहाच्या टपरीवर फार वाद होतात. मी म्हणतो, भोकातून काचेपुरतं बघा, बाहेर काही काढू नका.

फ्लॅशबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे: गाडीकडे तोंड करून फ्लॅश वापरू नये. त्यावर वाद घालणारे लगेच ओ. विन्स्टन लिंकचं नाव काढतात. अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवर १९५५ ते १९६० या काळात वाफेच्या इंजिनांची शेवटची वर्षं लिंकने रात्री टिपली, आणि तीही फ्लॅशच्या भरवशावर. वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावच्या ड्राइव्ह-इन सिनेमातलं १९५६ सालचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे: पडद्यावर विमान, गाडीत बसलेलं जोडपं आणि मागून वाफा सोडत निघालेली मालगाडी. त्या एका फोटोसाठी चाळीसहून जास्त बल्ब एकाच क्षणी पेटले. पण लिंक कुठल्याही झुडपातून उठून हा प्रकाश पाडत नव्हता. रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांपर्यंत जाऊन त्याने परवानगी मिळवली होती आणि कंपनीची माणसं त्याच्या कामात सामील होती. गाडी येण्याआधी कित्येक तास तारा ओढणं, दिवे लावणं चालायचं. ज्याला लिंकचा फ्लॅश हवा, त्याने लिंकचा पत्रव्यवहारही करावा.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण तो माहीत नाही असं कोणी म्हणू नये. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून प्रवास करण्यासाठी कलम १५६ आहे. दाराच्या दांडीला लटकून रील काढणाऱ्यांनी ते वाचावं. प्लॅटफॉर्मवर उभं राहायला प्लॅटफॉर्म तिकीट लागतं, त्याची मुदत दोन तासांची असते, आणि 'गाडी लेट होती' ही सबब टीसीपुढे चालत नाही. धंद्यासाठी चित्रीकरण करायचं तर रेल्वेची रीतसर परवानगी आणि शुल्क लागतं. हौशी फोटोंचा मामला मात्र स्टेशनागणिक, किंबहुना ड्युटीवरच्या माणसागणिक बदलतो. एका स्टेशनात मास्तर स्वतः सांगेल की बाबा, साडेदहाला ऑफलिंक, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं, इंजिन लागून येतंय, थांब. पुढच्याच स्टेशनात आरपीएफचा जवान कॅमेरा बॅगेत टाकायला लावेल. अशा वेळी त्याच्याशी परिपत्रकांचा वाद घालू नये, कॅमेरा बॅगेत टाकावा. ११ जुलै २००६चे लोकलमधले स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८चा सीएसटीवरचा हल्ला मुंबईने पाहिलेला आहे. त्या जवानाला संशय घ्यायचाच पगार मिळतो. आपण ओळखपत्र जवळ ठेवावं, काय करतोय ते सरळ सांगावं. रणगाडे किंवा लष्करी सामान लादलेली गाडी दिसली, तर कॅमेरा उचलूच नये. १९२३चा गोपनीयता कायदा अजून जिवंत आहे आणि त्यात रेल्वेमार्गाचा उल्लेख आहे.

हा सगळा प्रपंच आपल्याकडेच करावा लागतो, असं मात्र नाही. ज्या ब्रिटनने रेल्वे आणि रेल्वेचा नाद दोन्ही जगाला दिलं, तिथे १९४२ साली सदर्न रेल्वेच्या कचेरीतल्या इयन ॲलन नावाच्या तरुणाने इंजिनांच्या नंबरांची एक छोटी पुस्तिका छापली. लोक पत्रं पाठवून इंजिनांची माहिती विचारायचे, त्यांना उत्तरं देऊन तो वैतागला होता. पुस्तिका तडाखेबंद खपली. हजारो पोरं वही-पेन्सिल घेऊन रुळांकडे धावली, आणि दोनच वर्षांत टॅमवर्थला, जिथे दोन मुख्य मार्ग एकमेकांना वर-खाली छेदतात, रुळांवर उतरलेल्या पोरांमुळे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्यानंतर ॲलनने लोकोस्पॉटर्स क्लब काढला आणि रेल्वेच्या हद्दीत घुसणार नाही, तिच्या कामात अडथळा आणणार नाही, हे सभासदत्वाच्या अटींतच घातलं. ज्याने नाद लावला त्यानेच शिस्त लावली, हे मला ॲलनचं मोठेपण वाटतं. आपल्याकडे नाद लावणारे फार झाले.

ॲलनच्याच देशात २५ फेब्रुवारी २०१६ रोजी 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन मोठ्या दुरुस्तीनंतर लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्ककडे निघालं. काठाकाठाने माणसं उभी होती. सेंट निओट्सजवळ ती रुळांवरच आली आणि ज्या गाडीसाठी ती आली होती तिलाच थांबावं लागलं. मागच्या नेहमीच्या गाड्याही खोळंबल्या, आणि त्यांतल्या उतारूंना स्कॉट्समनशी काही देणं-घेणं नव्हतं. ॲलनच्या क्लबला सत्तर वर्षं उलटून गेल्यावरची ही गोष्ट. तिथली नेटवर्क रेल कंपनी स्टेशनांवर येणाऱ्या हौशी मंडळींना स्पष्ट सूचना देते: फ्लॅश नको, तिकाटण्याचे पाय पिवळ्या रेषेच्या आत, आणि रेल्वे कामगारांच्या चमकत्या जॅकेटसारखे कपडे घालू नका, ड्रायव्हरचा गोंधळ होतो. ही शेवटची सूचना मला फार आवडते. ती लिहिणाऱ्याने इंजिनाच्या काचेतून एकदा तरी बाहेर पाहिलेलं असणार. लाल टी-शर्ट घालून घाटाच्या वळणावर उभं राहणाऱ्यांनाही ती तितकीच लागू आहे.

जपानात फोटोवेड्यांची संख्या इतकी आहे की त्यांच्यासाठी 'तोरितेत्सु' असं वेगळं नावच पडलंय. फेब्रुवारी २०१०मध्ये ओसाका भागात कान्साई मार्गावर 'असुका' नावाच्या सहलीच्या गाडीचे फोटो घेण्यासाठी लोक रुळांलगत घुसले, गाड्या थांबल्या, अनेक रद्दही झाल्या. कोणी दुसऱ्याच्या फ्रेममध्ये आला की प्लॅटफॉर्मवर सगळे मिळून त्याच्यावर ओरडतात. शिस्तीसाठी जगभर नावाजलेल्या देशात हे घडतं. तेव्हा 'आपले लोकच तसले' हे आपलं आवडतं रडगाणं इथे गाण्याचं कारण नाही. फोटोची हाव सगळीकडे सारखीच.

तरी प्रत्येक भूमीचे आपले प्रश्न असतात, आणि आपले प्रश्न बहुतेक घाटात राहतात. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिच्या शेपटाला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, लागतात. पुढे लोणावळ्यापर्यंत १:३७चा चढ आहे, दर ३७ मीटरला एक मीटर उंची. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून या चढाने रेल्वेचा घाम काढलाय. कर्जतच्या प्लॅटफॉर्मचं मागचं टोक म्हणजे आमच्या मंडळींचं पंढरपूर. बँकर हळूहळू मागे येत टेकतात, पॉइंट्समन डब्याच्या आणि इंजिनाच्या मधल्या जागेत वाकून जोड बघतो, हात करतो, बाहेर येतो. सगळा खेळ काही मिनिटांचा. या मिनिटांत त्याच्या इशाऱ्याच्या आणि इंजिनवाल्याच्या नजरेच्या मध्ये एखादा कॅमेरेवाला उभा राहिला तर काय होईल, याचा विचार करा. पॉइंट्समनला ज्या बाजूने बाहेर पडायचंय ती बाजू मोकळी ठेवायची, त्याच्याशी त्या वेळी बोलायचं नाही, त्याने हात केला की आपण हात करायचा नाही. काम संपल्यावर तो स्वतःहून दोन शब्द बोलतो. त्याला वड्याचं विचारावं.

उतरणीची बाजू आणखी नाजूक. भोर घाटात खाली येणाऱ्या गाड्यांसाठी कॅच साइडिंग आहेत. रस्ता मुळात त्या चढत्या आडमार्गाकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे, ती आधी थांबली, हे पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. म्हणजे घाट उतरणाऱ्या लोको पायलटचं सगळं चित्त ब्रेकवर असतं. मंकी हिल, ठाकूरवाडी, नागनाथ ही नावं आमच्या फोटोंखाली फार सुंदर दिसतात. पण बोगद्याच्या काळोखातून उजेडात आल्याआल्या ज्याला पावलावर माणूस दिसतो, त्याला त्या नावांत काय दिसत असेल? एक काळ रुळांवरून पायी घाट उतरण्याची टूमच होती आणि पुष्कळ गिर्यारोहक मंडळी ती कौतुकाने सांगत. पुस्तिकेने त्या वाटा एकाही नकाशात दिलेल्या नाहीत. घाटातल्या ज्या जागा दिल्या आहेत, त्या सगळ्या रस्त्यावरून किंवा डोंगराच्या सोंडेवरून दिसणाऱ्या. गाडी लहान दिसते, हे खरं. पण त्या फोटोत सह्याद्री येतो.

दूधसागरचं उदाहरण ताजं आहे. कॅसलरॉक ते कुळे या घाटात पावसाळ्यात धबधब्याखालून गाडी जाते, आणि तो फोटो हवा म्हणून रुळांवरून चालत येणाऱ्यांची रीघ लागते. जुलै २०२३मध्ये अशा घोळक्याला पोलिसांनी तिथेच उठाबशा काढायला लावल्या आणि ती चित्रफीत देशभर फिरली. उठाबशांची शिक्षा मला पटत नाही. मोठ्या माणसांना शाळकरी शिक्षा दिली की ती हसून विसरली जाते. पण त्या वेळी रेल्वेने केलेलं आवाहन अगदी बरोबर होतं: धबधबा गाडीतूनच बघा.

कोकण रेल्वेवर पावसात फोटो काढणाऱ्यांना वेगळं भान हवं. जून ते ऑक्टोबरात गाड्या पावसाळी वेळापत्रकाने धावतात, मुसळधार पाऊस लागला की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायच्या सूचना असतात, आणि दरडीच्या भीतीच्या जागी गस्तवाले रात्रंदिवस चालत असतात. कटिंगच्या काठावर छत्री धरून बसलेला अनोळखी माणूस दिसला तर गस्तवाल्याला थांबून चौकशी करावीच लागते, आणि तेवढा वेळ त्याचं लक्ष डोंगरावरून हटतं. काठाच्या भुसभुशीत मातीवर आपण पाय देऊन उभे राहतो, ती माती खाली कुठे जाणार आहे? रत्नागिरीजवळ पानवल नदीचा ६४ मीटर उंचीचा पूल टिपायला जाणाऱ्यांची वाट कोणाच्या ना कोणाच्या कलमांतून जाते. तिथे आवाज द्यावा, घरातल्या काकूंना विचारावं, आत जाताना उघडलेलं बेडं मागे लावून घ्यावं. भाताची रोपं तुडवून काढलेल्या फोटोला आमच्यात कोणी वाहवा देत नाही, निदान देऊ नये. आणि फ्रेममध्ये येते म्हणून आंब्याची फांदी वाकवून बांधणाऱ्या एका कलाकाराला मालकाने काय ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही.

आता आपसांतल्या वागणुकीबद्दल. दर वर्षी १ जूनला पुणे स्टेशनात 'डेक्कन क्वीन'चा वाढदिवस होतो. १९३० साली याच तारखेला ती पहिल्यांदा धावली. सकाळी सव्वासातच्या आत इंजिनाला हार, केक, बँड, पासधारकांची तीन-तीन पिढ्यांची गर्दी, आणि मधे शंभर कॅमेरे. या गर्दीत कोण कसा वागतो त्यावरून त्या माणसाची परीक्षा होते. आधी आलेल्याची जागा त्याची. उशिरा आलेल्याने त्याच्या पुढे न जाता मागे किंवा बाजूला उभं राहायचं, नाहीतर खाली बसायचं. हार घालणाऱ्या आजोबांना 'जरा सरका' म्हणायचं नाही. सोहळा त्यांचा आहे, आपण पाहुणे. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर तिकाटणं उघडायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीला निघायची वेळ असते. नोकरीला निघालेला माणूस डब्यात बसलाय.

फोटोवाले आणि व्हिडिओवाले यांचं जुनं भांडण आहे. गाडी दिसू लागल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंत व्हिडिओवाल्याला चाकांचा, इंजिनाचा, सांध्यांचा आवाज हवा असतो, आणि नेमकं तेव्हाच बाजूचा 'अरे, एमपीएसला (कमाल मंजूर वेगाला) आहे रे!' म्हणून किंचाळतो. इथे नियम सोपा: कोणाचाही रेकॉर्डर चालू असेल तर तोंड बंद. उलट, व्हिडिओवाल्यानेही बाकीच्यांना मुकं करून अर्धा तास ताटकळत ठेवू नये. दोन गाड्यांचं क्रॉसिंग अगदी आपल्यासमोर जमून यावं यासाठी माणसं महिने घालवतात. त्या क्षणी दुसऱ्याच्या लेन्सपुढे हात घालणाऱ्याला मैत्री पुन्हा जमवायला तेवढेच महिने लागतात.

फ्रेममधल्या माणसांचं काय? लोकलच्या महिला डब्याचा, दारात उभ्या बाईचा, रुळांलगतच्या झोपडीत अंघोळ करणाऱ्या पोराचा फोटो आपल्या चित्रात 'जिवंतपणा' आणतो, असं म्हणणारे भेटतात. ज्याचा जिवंतपणा आपण घेतो त्याला विचारलं का, एवढंच मी विचारतो. इंजिनातल्या माणसाचा चेहराही तसाच. गाडी थांबलेली असताना विचारून काढलेला फोटो वेगळा. केबिनच्या खिडकीतून न विचारता टिपलेला, त्याच्या हातात चहाचा कप किंवा फोन दिसणारा फोटो त्याची नोकरी अडचणीत आणू शकतो. त्याने प्रेमाने केबिनमध्ये चढू दिलं, तर ती गोष्ट चारचौघांत मिरवायची नसते. अपघाताच्या जागी तर कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. तिथे हात लागतात, नाहीतर वाट मोकळी लागते.

इंजिनवाल्यांशी मैत्री कशी असावी, याचं उदाहरण म्हणून मला एरिक ट्रेसी आठवतात. हे इंग्लंडमधले धर्मगुरू, पुढे वेकफील्डचे बिशप झाले. वाफेच्या इंजिनांच्या उत्तम छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. लिव्हरपूलच्या एज हिल भागात काम करताना त्यांची इंजिनवाल्यांशी दोस्ती झाली, ती जन्मभर टिकली. लोहमार्गालगत उभं राहायला त्यांच्याकडे रीतसर परवाना असे. १९७८च्या मे महिन्यात ॲपलबी स्टेशनात एका वाफेच्या गाडीची वाट पाहत असताना त्यांना मृत्यू आला. त्यांच्या फोटोंत इंजिनाइतकाच माणूस दिसतो, कारण ते इंजिनाकडे माणसांच्या बाजूने गेले होते.

एका मुद्द्यावर मात्र पुस्तिका करणाऱ्यांत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. हॉर्न मागावा का? एका बाजूचं म्हणणं असं की हात हलवून हॉर्न मागणं ही पोरवयापासूनची गंमत आहे, पुष्कळ लोको पायलट हसून ती पुरवतात आणि त्यांच्याही कंटाळवाण्या पाळीत तेवढाच विरंगुळा होतो. दुसरी बाजू म्हणते की हॉर्न इशारा देण्यासाठी आहे, रुळांलगत राहणाऱ्यांना रात्रंदिवस तो ऐकावा लागतो, आणि हलणाऱ्या हाताचा रेल्वेच्या नियमांत ठरलेला अर्थ आहे. मी दुसऱ्या बाजूचा. पहिल्या बाजूच्यांनी निदान एवढं मान्य केलं की हॉर्न मागायचाच तर प्लॅटफॉर्मवरून, पिवळ्या रेषेच्या आत उभं राहून, दिवसाउजेडी, आणि इंजिन समोरून निघून जाताना. दुरून नाही, आणि घाटात तर मुळीच नाही. पुस्तिकेत दोन्ही मतं शेजारीशेजारी छापली आहेत.